घाटरस्त्यावरचं दुकान वाढवायचंय? आधी पूररेषा, मग नकाशा

नांदेड, पैठण, गंगाखेड अशा गोदाकाठच्या गावांत घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं दुकान, हॉटेल किंवा लॉज वाढवायचं ठरलं की मालक आधी इंजिनिअर गाठतो आणि नकाशा काढायला सांगतो. पैसा वाया जातो तो इथेच. रस्त्याची रुंदी, एफएसआय (प्लॉटच्या क्षेत्राच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण), पार्किंग हे सगळं नंतर. नदीकाठच्या प्लॉटवर बांधता येईल की नाही आणि किती उंचीवर, हे आधी पूररेषा ठरवते.

मुंबईकडचे पाहुणे सीआरझेडची, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या नियमाची, धास्ती घालतात, तिकडे लक्ष देऊ नका. तो नियम समुद्रकिनाऱ्याला आणि भरती-ओहोटीचं पाणी शिरणाऱ्या खाड्या-नद्यांना लागतो. आपल्याकडे लागू आहे ती डिसेंबर 2020 पासूनची एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, म्हणजे सगळे जिला यूडीसीपीआर म्हणतात ती. तिच्यात नदीकाठासाठी दोन रेषा आहेत. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची.

नदीपात्र ते निळी रेषा हा निषिद्ध पट्टा. इथे पार्किंग, बाग, मोकळा भाजीबाजार असे उघड्या जागेचे वापर चालतात; दुकानाला मागे किंवा बाजूला नवी खोली जोडता येत नाही. आधीची इमारत अधिकृत असेल, तर ती पाडून पुनर्विकास करायची वाट आहे. त्यासाठी जलसंपदा विभागाची ना-हरकत लागते आणि जोतं, म्हणजे तळमजल्याच्या फरशीची पातळी, लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान 0.45 मीटर वर घ्यावं लागतं. निळी ते लाल रेषा हा नियंत्रित पट्टा. इथे बांधकाम मिळतं, पण 0.45 मीटरची अट इथेही आहेच. प्लॉटचा थोडाच भाग रेषेच्या आत येत असेल आणि जमीन विकासयोग्य झोनमध्ये असेल, तर त्या भागाचा एफएसआय उरलेल्या भागावर वापरता येतो. ही तरतूद अनेकांना ठाऊक नसते आणि हक्काचं क्षेत्र सोडून दिलं जातं.

म्हणून पहिलं काम दोन कागद मिळवायचं. नगर रचना विभागाकडून झोन दाखला आणि विकास योजनेचा भाग नकाशा घ्या, आणि जलसंपदा विभागाकडून तुमच्या गट किंवा सिटी सर्व्हे नंबरला लागणारी निळ्या आणि लाल रेषेची आर.एल. पातळी (ठरलेल्या मूळ पातळीपासूनची मीटरमधली उंची) लेखी घ्या. विकास योजनेच्या नकाशावर रेषा आखलेली असली तरी ही लेखी पातळी सोडू नका. जलसंपदा विभागाने रेषा बदलली की विकास योजनेतली रेषाही बदलल्याचं धरलं जातं, आणि जुन्या छापील नकाशावर विसंबलेला प्रस्ताव छाननीत परत येतो.

मग लेव्हल काढायची. सर्व्हेअरला विभागाने दाखवलेल्या बेंचमार्कपासून (पातळी आधीच माहीत असलेल्या पक्क्या खुणेपासून) ऑटो लेव्हल हे उंची मोजायचं यंत्र लावून पातळी तुमच्या उंबऱ्यापर्यंत आणायला सांगा आणि उलट वाचन घेऊन ती पुन्हा बेंचमार्कवर जुळवून घ्या. शेजारच्या दुकानाच्या पायरीवरून किंवा मोबाइलच्या जीपीएसवरून घेतलेली उंची इथे कामाची नाही. हिशोब 10-20 सेंटीमीटरचा असतो.

एक उदाहरण धरू. लाल रेषा 356.40 मीटर, म्हणजे नवं जोतं किमान 356.85 वर. सध्याची फरशी 355.90 वर आहे. नवा भाग जुन्यापेक्षा 95 सेंटीमीटर उंच येणार. 15 सेंटीमीटरच्या आतली पायरी ठेवायची तर सात पायऱ्या लागतात. व्हीलचेअरसाठीच्या रॅम्पचा उतार 1:12 पेक्षा जास्त चालत नाही, म्हणजे रॅम्प 11.4 मीटर लांब. रुंदी 1.8 मीटर हवी, आणि सलग लांबी 9 मीटरच्या वर जाता कामा नये, म्हणून मध्ये सपाट टप्पा येतो. हे सगळं तुमच्याच हद्दीत बसायला हवं. घाटरस्त्यावर पायरी उतरवलेला नकाशा मंजूर होत नाही, आणि झाला तरी अतिक्रमणवाले पुढच्या कारवाईत ती पायरी तोडतात. तीस फुटी प्लॉटवर बऱ्याचदा वाढीव जागा रॅम्पच खाऊन टाकतो. तो हिशोब आधी झाला की मालक स्वतःच म्हणतो, बाजूला नको, वर चढवू.

वर मजला चढवायचा असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचं स्थैर्य प्रमाणपत्र लागतं, आणि ते नुसतं सहीपुरतं घेऊ नका. घाटाजवळच्या जुन्या इमारती पुष्कळदा विटांच्या भिंतींवर उभ्या आहेत, कॉलम नाहीतच. बाजूला जोडायचं तर काळी माती पाहा. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. जुना पाया बसून स्थिर झालेला, नवा अजून बसायचाय. दोन्ही एकाच स्लॅबने बांधले की सांध्यावर तिरकी भेग पडणारच. माती परीक्षण करून पाया खालच्या टणक थरापर्यंत न्या आणि जुन्या-नव्यात 25 मिलिमीटरचा सांधा ठेवा. 1993 चं किल्लारी ज्या भागाने पाहिलं, तिथे कॉलम-बीमच्या सांध्यातल्या रिंगांवर लोखंड वाचवू नये.

प्रस्तावात काय जोडायचं: ताजा सातबारा किंवा मिळकत पत्रिका, भूमी अभिलेखचा मोजणी नकाशा, आधीच्या बांधकामाचा मंजूर नकाशा, त्याचं भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला दिलेला पालिकेचा दाखला), मालमत्ता कराची थकबाकी नसल्याचा दाखला, जलसंपदाची ना-हरकत, परवानाधारक आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरचं नियुक्तिपत्र. अर्ज महाराष्ट्र प्रादेशिक व नगर रचना अधिनियम 1966 च्या कलम 44 खाली, बहुतेक ठिकाणी बीपीएमएस या बांधकाम परवानगीच्या ऑनलाइन प्रणालीवर. इमारतीचा नकाशा 1:100 च्या प्रमाणात, नवं काम लाल रंगात, पाडायचं काम पिवळ्या रेषांनी.

यातला सगळ्यात जास्त अडणारा कागद म्हणजे जुन्या इमारतीचं भोगवटा प्रमाणपत्र. ते नसेल तर उभी इमारतच अधिकृत ठरत नाही, मग तिच्यावरची वाढ कशी ठरेल? आधी पालिकेच्या अभिलेखातून जुन्या मंजुरीची नक्कल काढा, प्रत्यक्ष बांधकामाशी ताडून पाहा, फरक नियमात बसत असेल तर नियमित करून घ्या आणि मगच वाढीव प्रस्ताव द्या. जुनी पोटमाळ्याची खोली किंवा मागचं शेड लपवून नकाशा टाकू नका. जागा पाहायला आलेल्या अभियंत्याच्या नजरेतून ते सुटत नाही, आणि मग सगळ्या कागदांवरच संशय येतो.

एफएसआय मोजताना गावठाण आणि दाट वस्तीचे नियम वेगळे आहेत. दाट वस्तीबाहेर मूळ एफएसआय 1.1, त्यावर रस्त्याच्या रुंदीनुसार प्रीमियम (पैसे भरून मिळणारा) एफएसआय आणि टीडीआर (दुसऱ्या जागेवरून आणलेला बांधकाम हक्क), आणि व्यापारी वापराला 80 टक्क्यांपर्यंत अनुषंगिक, म्हणजे जोडीचा, एफएसआय शुल्क भरून. पार्किंग मात्र वाढलेल्या क्षेत्रासह दाखवावं लागतं. एका कारला 2.5 बाय 5 मीटर, स्कूटरला 1 बाय 2 मीटर. लॉज, मंगल कार्यालय किंवा उंच इमारत असेल तर अग्निशमन विभागाची ना-हरकतही धरा. पैठणसारख्या गावात केंद्रीय संरक्षित स्मारक जवळ असेल तर त्याच्या हद्दीपासून 100 मीटरमध्ये नवं बांधकाम बंद आहे, आणि पुढच्या 200 मीटरमध्ये पुरातत्त्वाची परवानगी लागते. हे नकाशाच्या आधीच तपासा.

शुल्कात छाननी, विकास शुल्क, प्रीमियम आणि बांधकाम खर्चाच्या 1 टक्का कामगार कल्याण उपकर येतो. 60 दिवसांत निर्णय आला नाही तर परवानगी मानीव, म्हणजे मिळालीच, असं समजलं जातं, पण प्रस्ताव नियमात तंतोतंत बसत असेल तरच. पूररेषेतल्या प्रस्तावात या कलमाच्या भरवशावर खड्डा खणू नका. नकार आला तर कलम 47 खाली 40 दिवसांत शासनाकडे अपील करता येतं. नकाराचं कारण लेखी मागून घ्या.

प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे बांधकाम सुरू करायची परवानगी, मिळालं की वर्षात काम सुरू करा, नाहीतर नूतनीकरण लागतं. जोतं झाल्यावर थांबून जोता तपासणी करून घ्या, आणि त्या दिवशी सर्व्हेअरला पुन्हा लेव्हल लावायला सांगा. जोतं 8 सेंटीमीटर कमी भरलं हे या टप्प्यावर कळलं तर एक थर वाढवून भागतं. स्लॅब पडल्यावर कळलं तर भोगवटा अडतो. भोगवट्याशिवाय वापर सुरू केला की त्याच अधिनियमाच्या कलम 53 ची अनधिकृत बांधकामाची नोटीस येऊ शकते, आणि महापालिका हद्दीत अनधिकृत भागावर दुप्पट मालमत्ता कराची शास्तीही लागते.