स्वयंपाक येत नाही? मग उरलेल्यापासून सुरुवात करा

नवी मुंबईत ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे नाहीतर इकडे ठाण्यात घोडबंदरला नोकरीसाठी भाड्याने राहणाऱ्या पोरापोरींचं एक ठरलेलं असतं. आधी काही महिने मेस किंवा पोळीभाजी केंद्राचा डबा, मग त्या एकाच चवीचा कंटाळा, मग एक दिवस उत्साहात कुकर, कढई, मसाल्याचा डबा अशी सगळी खरेदी, आणि मोबाईलवर पनीर अमुकतमुकचा व्हिडिओ लावून त्यातलं सामान आणायला बाहेर. एका भाजीसाठी क्रीमचं पॅकेट येतं, कसुरी मेथी येते, अर्धा किलो ढोबळी मिरची येते, कोथिंबिरीची अख्खी जुडी येते. भाजी होते, बरी पण होते. आठवड्याने बघावं तर क्रीम आंबलेलं, ढोबळी मिरची सुरकुतलेली आणि कोथिंबिरीचा पिशवीत काळा चिखल झालेला. मग म्हणायचं घरी करणं परवडत नाही बाबा, बाहेरून मागवलेलं स्वस्त पडतं.

माझं म्हणणं असं की रेसिपी बघून सामान आणायचं सोडा आणि घरात काय पडलंय ते बघून काय करायचं ते ठरवायला शिका, आणि त्यासाठी सगळ्यात सोपी सुरुवात म्हणजे उरलेलं अन्न. लोकांना वाटतं उरलंसुरलं खपवणं हे मुरलेल्या बायकांचं काम, पण नवशिक्याला याच्याइतकं सोपं दुसरं काही नाही कारण निम्मं काम आधीच झालेलं असतं. भात शिजलाय, पोळी भाजलीये, तुम्हाला एका वेळी एकच गोष्ट शिकायचीये. डबा चालू असेल तर लगेच बंद करू नका, त्यातलंच जे उरतं त्यावर हात बसवा.

पहिला नंबर फोडणीच्या भाताचा. यात शिकायची ती फोडणी, पुढे भाजी, आमटी, पोहे, उपमा, कोशिंबीर सगळीकडे तीच लागते. फ्रीजमधला भात आधी ओल्या हाताने मोकळा करून घ्या, कढईत गेल्यावर ढेकळं फोडत बसलात तर शितं मोडून लगदा होतो. कांदा-मिरची चिरून, कढीपत्ता धुऊन नीट पुसून, हिंग-हळदीचं झाकण उघडून सगळं गॅसशेजारी मांडा आणि मगच गॅस पेटवा, तेल तापल्यावर ते काही तुमच्यासाठी थांबत नाही. दोन-तीन वाट्या भाताला दोन चमचे तेल पुरे. तेल तापलं का ते बघायला मोहरीचे दोन-चार दाणे टाका, तळाशी गप्प पडून राहिले तर थांबा, लगेच तडतडले तर बाकीची टाका आणि पूर्ण तडतडू द्या, अर्धी कच्ची राहिलेली मोहरी दाताखाली कडू लागते. मग जिरं, हिंग, मिरची, कढीपत्ता (ओला असेल तर तेल अंगावर उडतं, म्हणून पुसायला सांगितलं), मग कांदा आणि कांद्याच्या मागोमाग हळद. कडकडीत तेलात नुसती हळद पडली की क्षणात करपते आणि भात तपकिरी नि कडवट होतो, नवशिक्यांची फोडणी बहुतेक वेळा इथेच बिघडते. कांदा मऊ झाला की भात, चिमूटभर साखर, मीठ चाखून कारण भातात आधीच असू शकतं, पाण्याचा एक हबका आणि झाकण ठेवून बारीक गॅसवर एक चांगली वाफ. वरून लिंबू, असलेच तर दाणे.

हे जमलं की त्याच फोडणीत हाताने कुस्करलेल्या शिळ्या पोळ्या टाका, झाली फोडणीची पोळी. मिक्सरला लावायच्या असतील तर एकदोनदाच फिरवा, नाहीतर भुगा होतो आणि तो घशात अडकतो. गोड खायचं असेल तर त्याच कुस्करलेल्या पोळीत किसलेला गूळ आणि पातळ तूप घालून लाडू वळा, यात गॅससुद्धा लागत नाही.

आंबट झालेलं दही फेकून देणारी माणसं मला खरंच कळत नाहीत. कढी करा, यात गॅस कसा सांभाळायचा ते कळतं. एक वाटी दही, एक चमचा बेसन, दोन वाट्या पाणी, आलं-मिरचीचं वाटण. बेसन दह्यातच गुठळ्या मोडेपर्यंत घुसळून घ्यायचं, मग पाणी, मग मध्यम गॅसवर पातेलं ठेवून ढवळत राहायचं, फोन बाजूला ठेवून. कड यायला लागले, थोडी दाट झाली की गॅस बारीक, धो धो उकळली की फुटते. मीठ शेवटी. वरून तुपाची फोडणी, जिरं आणि कढीपत्ता, साखर आपापल्या घराण्याप्रमाणे.

थालीपीठ थोडं नंतर घ्या पण घ्याच, कारण कालची कुठलीही सुकी भाजी, वाटीभर घट्ट वरण, चार घास भात, सगळं त्यात जातं आणि कोणाला पत्ता लागत नाही. भाजणी असेल तर उत्तम, नसेल तर ज्वारीचं पीठ, त्याच्या निम्मं बेसन, मूठभर कणीक. कांदा, कोथिंबीर, तिखट, ओवा, तीळ. यात एकच लक्षात ठेवा, आधी पाणी घालायचं नाही. उरलेलं अन्न पिठात चुरून पाच मिनिटं ठेवा, कांद्याला आणि भाजीला जे काही पाणी सुटायचंय ते सुटू दे, मग लागेल तसं हाताला पाणी घेत मळा. पीठ पोळीच्या कणकेपेक्षा सैल पण हाताला लोंबणार नाही इतकं. दुधाची पिशवी कापून धुऊन तिच्यावर तेलाचा हात लावून थापा, मध्ये नि आजूबाजूला भोकं पाडा, तव्यावर उलटं टाकून पिशवी हळूच सोडवा. प्लॅस्टिक तापल्या तव्याला चिकटेल अशी भीती वाटत असेल तर ओल्या सुती रुमालावर थापा, जुन्या बायका तेच करतात. भोकांत तेलाचे थेंब, झाकण, खालची बाजू खरपूस झाली की उलटा. पहिलं तुटतंच, ते उभ्या उभ्या खाऊन टाकायचं.

आमटी-वरण उरलं असेल आणि कणीकही असेल तर वरणफळं, म्हणजे चकोल्या. वरणात गरम पाणी घालून सैल करा, उकळी आली की लाटून कापलेले कणकेचे तुकडे एकेक करून सोडा. उकळी नसताना सोडलेत तर सगळ्यांचा मिळून एक गोळा होतो. फ्रीजमधली कणीक वरून काळपट पडते, ती हवेने पडते, तेलाचं बोट फिरवून डब्यात ठेवली तर दुसऱ्या दिवशी आरामात वापरता येते. आंबूस वास आला तर मात्र नाही.

आता उरूच नये म्हणून काय करायचं, तर माप. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ चा अन्न-नासाडीचा अहवाल आहे, त्यात भारतातल्या घरांमधून माणशी वर्षाला साधारण ५५ किलो अन्न वाया जातं असा अंदाज दिलाय. यात साली-हाडं पण धरलीयेत हे खरं, तरी आकडा लहान नाही. एक वाटी तांदळाचा जवळजवळ तीन वाट्या भात होतो हे नवीन माणसाला माहीतच नसतं, तो दोघांसाठी दोन वाट्या लावतो आणि मग तीन दिवस भात खातो. पोळीबरोबर भात खाणार असाल तर माणशी अर्धी वाटी तांदूळ पुष्कळ. तूरडाळ माणशी पाव वाटी, जाडे पोहे माणशी एक वाटी, आणि एका वाटी कणकेच्या चारेक पोळ्या. भाजी दोघांना पावशेर. पालेभाजी याला अपवाद, मेथीची जुडी कढईत जाताना डोंगर दिसते आणि शिजल्यावर वाटीभर होते. घरातली एक वाटी ठरवून टाका, मापाला रोज तीच.

बाजाराचं म्हणाल तर ठाण्यात जांभळी नाक्याला गेलं की ताजी भाजी बघून डोकं फिरतं, आणि संध्याकाळी उशिरा माल उरकायचा असतो म्हणून मावशी तीन जुड्या एकीच्या भावात देतात. घेऊ नका. म्हणजे घ्या, पण त्या रात्री निवडून होणार असतील तरच. वाशीचं एपीएमसी (जागा तशी तुर्भ्याची) हा घाऊक बाजार आहे, तिथे स्वस्त म्हणून कांद्याची गोणी एकट्या माणसाने आणली तर पावसाळ्यात निम्म्या कांद्यांना कोंब येणार, जायचंच असेल तर मजल्यावरच्या चार घरांनी मिळून जा आणि वाटून घ्या. दहा मिनिटांत येणाऱ्या ॲपचा मला एकच फायदा दिसतो, की एक लिंबू आणि दोन मिरच्या सुद्धा मागवता येतात, पण फ्री डिलिव्हरीसाठी रक्कम भरायला म्हणून आपण अजून चार वस्तू टाकतो आणि तो फायदा तिथेच संपतो. आठवड्यात एक दिवस बाजार बंद ठेवा, त्या दिवशी फ्रीजमध्ये असेल तेच.

ठेवायचं कसं, ते भरभर सांगते. कोथिंबीर न धुता, मुळं कापून, पिवळी पानं काढून, कागदात गुंडाळून डब्यात, धुऊन ठेवली की सडली. मेथी-पालक तसंच. मिरच्यांची देठं काढून. कांदे-बटाटे एकाच टोपलीत नको, आणि हिरवा पडलेला बटाटा खायचाच नाही. केळी बाकीच्या फळांपासून लांब, त्यांच्यातून निघणाऱ्या वायूने शेजारचं सगळं पिकतं. नारळ फोडला की उरलेली वाटी लगेच खवून फ्रीझरला. रव्याला पावसाळ्यात इथल्या दमट हवेत हमखास किडे होतात, आणल्या आणल्या कोरडा भाजून बरणीत भरा, उपम्याच्या वेळी तेवढंच काम कमी. फ्रीजमध्ये उरलेलं ठेवताना ते पुढे, डोळ्यासमोर, शक्यतो काचेच्या किंवा पारदर्शक डब्यात. स्टीलच्या डब्यात मागे गेलेली भाजी थेट पुढच्या रविवारी सापडते.

देठं-साली हा वेगळा विषय आहे आणि मला फार आवडीचा. कोथिंबिरीच्या कोवळ्या काड्या वाटणात पानांपेक्षा जास्त वास देतात. दोडक्याच्या शिरा बारीक करून तेलावर कुरकुरीत परता, तीळ, लसूण, सुकं खोबरं, तिखट घालून मिक्सरला फक्त एक फेरा, चटणी तयार. मुळ्याचा पाला मूगडाळ घालून. फ्लॉवरचा जाड दांडा सोलून आतला गर भाजीतच चिरायचा. कलिंगडाचा हिरव्या सालीखालचा पांढरा भाग किसून थालिपिठात. गणपतीत मोदकांची उकड उरली तर त्यात मिरची, जिरं, कोथिंबीर, मीठ मळून निवगऱ्या उकडा, आमच्याकडे मोदकांपेक्षा त्यांच्यावर जास्त भांडणं होतात. दूध नासलं तर पनीर गाळा आणि खालच्या पाण्यात कणीक भिजवा. पावसाळ्यात ठाण्यात येऊरकडच्या बायका रानभाज्या घेऊन बसतात, त्यातला कोवळा टाकळा नवशिक्याने बिनधास्त आणावा, कांदा-लसणावर परतला की झालं. शेवळं मात्र कोणी माहीतगार शेजारी असल्याशिवाय नको, काकडं (ही आंबट रानफळं) किंवा चिंच-कोकमासारखं काही आंबट नीट पडलं नाही तर घसा खाजतो.

आणि काय खपवायचं नाही तेही शिकाच, कारण काटकसरीच्या नादात पोट बिघडवून घेणारेही खूप आहेत. मे महिन्यात रात्रभर ओट्यावर राहिलेला भात टाकून द्या. भातात एक जिवाणू असतो, बॅसिलस सिरियस, तो उबेत वाढून जे विष तयार करतो ते परत गरम करूनही जात नाही. भात जेवणं झाल्यावर लगेच, फार तर दोन तासांत, पसरट डब्यात फ्रीजला, आणि दुसऱ्या दिवशी संपवा. भाजी-आमटी तीन दिवसांपर्यंत ठीक, पण जेवढी लागेल तेवढीच काढून वाफा येईपर्यंत तापवा, अख्खं पातेलं रोज आत-बाहेर करू नका. ब्रेडला एका कोपऱ्यात बुरशी दिसली तर तेवढा कोपरा कापून भागत नाही, पूर्ण पुडा जातो. पाकिटावर ‘बेस्ट बिफोर’ असेल तर त्या तारखेनंतर चव नि कुरकुरीतपणा उतरतो, बघून, वास घेऊन ठरवता येतं. ‘एक्सपायरी’ किंवा ‘यूज बाय’ असेल तर तारीख गेली की वाद नको.

एवढं करून जे उरतं, चहाचा चोथा, कांद्याची टरफलं, केळ्याच्या साली, ते ओल्या कचऱ्याच्या हिरव्या डब्यात, सुक्याचा निळा वेगळा. सोसायटीत खताची टाकी असेल तर सोनंच. नसेल तर बाल्कनीत भोकं पाडलेली बादली, तळाला सुका पाला किंवा कोकोपीट, त्यावर चिरलेला ओला कचरा, त्यावर परत सुका पाला, आणि सुरुवातीला थोडं आंबट ताक. मीठ-तेलाचं शिजवलेलं अन्न आणि मासळीचे काटे त्यात नको, वास सुटतो आणि उंदीर येतात. बादलीला चिलटं लागली म्हणजे ओलं जास्त झालंय, दोन मुठी सुका पाला वाढवा, हलवा आणि दोन दिवस नवीन काही टाकू नका.