जावामध्ये राहायला आलात? मग या चुका टाळा

इंडोनेशियाच्या जावा बेटावरील योग्याकार्ता किंवा सोलो या शहरांत नव्याने राहायला येणारी मंडळी, डाव्या हाताने काही देऊ नये आणि कोणाच्या डोक्याला हात लावू नये, असे दोन नियम घोकून येतात आणि आपली तयारी झाली असे समजतात. ते नियम खरेच आहेत. परंतु त्यांत चुकलात तर परका माणूस म्हणून लोक पोटात घालतात. खरी पंचाईत होते ती ‘इंग्गिह’ या जावानीज शब्दाने.

कोशात याचा अर्थ ‘होय’ असा असला, तरी ऐकणाऱ्याने तो ‘आपले म्हणणे कानावर आले’ एवढाच घ्यावा. माझ्या पहिल्याच पावसाळ्यात भाड्याच्या घराचे छत गळू लागले, तेव्हा मी घरमालकांना ‘शनिवारपर्यंत दुरुस्त होईल ना?’ असे विचारले आणि ते हसून ‘इंग्गिह, इंग्गिह’ म्हणाले. तो शनिवार गेला, पुढचाही गेला, आणि तिसऱ्या आठवड्यात बादल्या उपसून वैतागलेल्या मी चारचौघांसमोर आवाज चढवून त्यांना दिलेल्या शब्दाची आठवण करून दिली. ते तेव्हाही हसले. मात्र त्यानंतर त्यांनी आमच्या दारावरून जाणेसुद्धा सोडले. शेवटी शेजारच्या बाईंनी मध्यस्थी केली तेव्हा कळले की, त्या महिन्यात त्यांच्या हाताशी पैसे नव्हते आणि तोंडावर ‘नाही’ म्हणण्याचा त्यांना ‘सुंगकान’, म्हणजे भीड, वाटत होता. दोन दिवसांत छत दुरुस्त झाले, संबंध सावरायला मात्र वर्ष गेले. तेव्हापासून मी ‘होईल ना?’ असे विचारतच नाही. ‘कसे करू या?’ असे विचारतो, तेही गोड चहा आणि अर्धा तास इकडच्यातिकडच्या गप्पा झाल्यावर, आणि विषय नाजूक असेल तर तिसऱ्या माणसाकरवी. हा अर्धा तास ज्यांना वाया गेल्यासारखा वाटतो, त्यांनी हॉटेलातच राहावे.

दुसरी चूक उत्साही लोकांची. जावानीज भाषेत ङोको, क्रामा आणि क्रामा इंग्गिल असे स्तर असून ‘जेवणे’ यासाठी अनुक्रमे मांगान, नेधा आणि धाहार असे वेगळे शब्द आहेत. आठवडाभर शिकून आलेला पाहुणा सर्वांत आदराचा शब्द निवडतो आणि ऐटीत ‘कुला सांपुन धाहार’, म्हणजे ‘मी जेवलो’, म्हणतो. क्रामा इंग्गिल समोरच्यासाठी असते, स्वतःसाठी कधीच नाही. म्हणजे ‘आम्ही पधारलो आहोत’ असे आपणच आपल्याविषयी म्हणावे, तसे ते ऐकू येते. स्वतःसाठी ‘नेधा’ म्हणावे, आणि तेवढा धीर नसेल तर सरळ इंडोनेशियन बोलावी. नावाआधी पुरुषाला ‘पाक’ किंवा बाईंना ‘बू’ लावले की पुरे. पाठ केलेली दहा वाक्ये फेकण्यापेक्षा ते कितीतरी बरे.

चहा समोर आला तरी यजमान ‘मोंग्गो’, म्हणजे ‘घ्या ना’, म्हणेपर्यंत कपाला हात लावू नये. बोट दाखवायचे असेल तर उजव्या हाताचा अंगठा वापरावा. बसलेल्या वडीलधाऱ्यांसमोरून जाताना थोडे वाकून ‘नुवुन सेवू’, म्हणजे ‘माफ करा’, म्हणावे. ‘कुठे निघालात?’ या प्रश्नाला काही जण चौकशी समजून चिडतात. निदान मराठी माणसाने तरी चिडू नये, ‘जरा तिकडे’ एवढे उत्तर चालते. राहायला आल्याबरोबर, चोवीस तासांच्या आत, वस्तीच्या आरटी-प्रमुखांना, म्हणजे शेजारच्या घरांच्या गटाच्या प्रमुखांना, भेटून यावे. योग्याकार्ताच्या राजवाड्यात जाताना बाजारातून हौसेने घेतलेला ‘पारांग’ नक्षीचा बातिक घालू नये, कारण तेथे ती नक्षी राजघराण्यासाठी राखलेली आहे.

शेजारी ‘स्लामेतान’, म्हणजे सामूहिक प्रार्थना आणि जेवण, असेल आणि बोलावणे आले, तर काम बाजूला ठेवून जावे, चटईवर मांडी घालून बसावे आणि प्रार्थना संपेपर्यंत मोबाइल खिशात ठेवावा. निघताना हाती मिळणारे ‘बेर्कात’, म्हणजे जेवणाची शिदोरी, ‘घरी जेवण तयार आहे’ असे सांगून परत करणारे महाभाग मी पाहिले आहेत. ती दोन्ही हातांनी घ्यावी आणि घरी न्यावी.