बासच्या फ्लाय-फिशिंगची तयारी: आधी फ्लाय, शेवटी रॉड

बास या गोड्या पाण्यातल्या शिकारी माशाला फ्लायवर (केस, पिसं किंवा फोम गळावर बांधून केलेल्या बनावट आमिषावर) गरवायचं असेल तर तयारी उलट्या टोकाने करावी. आधी फ्लाय ठरवा, मग ती वाहून नेणारी लाइन (जिच्या वजनाने फ्लाय फेकली जाते ती जाड दोरी), आणि रॉड सगळ्यात शेवटी. ट्राउटचं सामान आहेच म्हणून तेच उचलून नेणाऱ्यांचा पहिला तास हवेशी झगडण्यात जातो. बासचा पॉपर (पाण्यावर तरंगत, ओढल्यावर आवाज करणारी फ्लाय) जाडजूड आणि हवा अडवणारा असतो. ट्राउटच्या हलक्या 5 नंबरच्या लाइनला तो उलगडता येत नाही, लूप (फेकताना हवेत होणारं लाइनचं वळण) मध्येच कोसळतो आणि गळ मानेमागून घोंगावत येतो.

म्हणून पहिल्यांदा डबी उघडा. लार्जमाउथ या मोठ्या तोंडाच्या बाससाठी 2 ते 1/0 नंबरच्या गळावरचे चार-पाच पॉपर आणि हरणाच्या केसांचे दोन डायव्हर (ओढल्यावर बुडी मारणाऱ्या फ्लाय) पुरतात. स्मॉलमाउथ या दुसऱ्या जातीच्या बासचं तोंड लहान, त्याला 4 आणि 6 नंबर बरे पडतात. खडकाळ नदीत क्रेफिश या झिंग्यासारख्या प्राण्याच्या रूपाची फ्लाय विसरू नका. पाण्याखालच्या कामासाठी दोन-तीन क्लाउजर मिनो (छोट्या माशासारखी दिसणारी, बुडणारी फ्लाय) ठेवा. तिचे जड डोळे गळाच्या दांडीवर अशा बाजूला बांधलेले असतात की पाण्यात टोक वर राहतं आणि दगडात कमी अडकतं. रंगांची हौस नंतर भागवा. एक फिकट आणि एक गडद इतकं आधी हवं. संध्याकाळी माशाला खालून आकारच दिसतो, तेव्हा काळा चांगला.

प्रत्येक फ्लाय हातात घेऊन तीन गोष्टी तपासा. गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच ओढा. घसरलं तर कानशीने धार लावा. टोक आणि पॉपरचं पोट यांच्यामध्ये मोकळी जागा आहे का ते पाहा. मासा धडक मारतो पण लागत नाही, यामागे पुष्कळदा हीच अडचण असते. केसांच्या फ्लायचं पोट ब्लेडने सपाट कापून जागा करता येते, फोमची मात्र बदललेलीच बरी. तिसरी गोष्ट वीड गार्डची, म्हणजे गळाचं टोक वनस्पतींत अडकू न देणाऱ्या कड्याची. नायलॉनचं हे कडं बोटाने दाबल्यावर सहज दुमडलं पाहिजे. कडक राहिलं तर शेवाळाबरोबर मासाही दूर ठेवतं. गळाच्या टोकामागचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाका, म्हणजे गळ माशातूनही आणि स्वतःच्या कानातूनही लवकर निघतो.

आता लाइन. पुढचा भाग आखूड आणि जड असलेली, बास टेपर नावाने मिळणारी तरंगती लाइन घ्या. लाइनचा नंबर म्हणजे तिच्या पहिल्या 30 फुटांचं वजन: 5 नंबरचं प्रमाण 140 ग्रेन, म्हणजे साधारण 9 ग्रॅम, आणि 8 नंबरचं 210 ग्रेन, सुमारे 13.6 ग्रॅम. हा साडेचार ग्रॅमचा फरकच पॉपरला पुढे नेतो. वनस्पतींनी भरलेल्या पाण्यातल्या लार्जमाउथला 9 फुटी 8 नंबरचा रॉड, नदीतल्या स्मॉलमाउथला 6 किंवा 7. रीलवर फार खल करू नये. बास लांब पळत नाही, तो आडोशात घुसतो. 20 पौंडी डॅक्रॉनचं बॅकिंग (रीलवर लाइनच्या खाली गुंडाळायचा धागा) मुख्यतः स्पूल भरण्यासाठी, म्हणजे लाइनची वेटोळी मोठी राहतात.

आदल्या रात्री 20 मीटर लाइन कोमट पाणी आणि सौम्य साबणाने पुसून काढा; मळलेली लाइन रॉडच्या रिंगांमधून अडखळते आणि तिचं टोक बुडू लागतं. डासांच्या मलमातलं डीट लाइनचं आवरण खातं, तेव्हा मलम लावल्यावर हात धुतल्याशिवाय लाइनला हात नाही.

लीडर (लाइन आणि फ्लाय यांना जोडणारा बारीक धागा) आखूड ठेवा: तरंगत्या लाइनवर साडेसात फूट, बुडत्यावर चार फूटही चालतो. टिपेट, म्हणजे लीडरचं फ्लायकडचं बारीक टोक, 0एक्स ते 2एक्स. 11 मधून एक्सचा आकडा वजा केला की इंचाच्या हजारांशात जाडी मिळते, म्हणजे 0एक्स 0.011 इंच. पॉपरला नायलॉनच लावा. फ्लोरोकार्बन बुडतं आणि पॉपरचं नाक खाली ओढतं. फ्लाय न सरकणाऱ्या लूपच्या गाठीने बांधली की मोकळी हलते. गाठ आवळण्याआधी ओली करा, कोरडी आवळली तर घर्षणाच्या उष्णतेने नायलॉन कमजोर होतं.

सरावात लांबीच्या मागे लागू नका. 12 ते 15 मीटरवर ठरलेल्या जागी फ्लाय पडली तर काम झालं. गळ तोडलेला पॉपर बांधून गवतावर मोकळा, रुंद लूप टाकून पाहा. खरा सराव हवा तो ओढ देण्याचा: मासा घेतो तेव्हा रॉड वर उचलायचा नाही, टोक पाण्याकडे ठेवून डाव्या हाताने लाइन सरळ खेचायची (डावखुऱ्यांनी उजव्या). रॉड उचलला तर तो वाकतो, सगळा जोर त्यात जिरतो आणि जाड गळ कडक तोंडात रुततच नाही.

थर्मामीटर छोटा असला तरी खिशात हवा. पाणी 15 अंश सेल्सियसच्या खाली असेल तर पॉपर बाजूला ठेवून क्लाउजर सावकाश ओढावी. वसंतात उथळ पाण्यातली घरटी दिसली तर तिथे फ्लाय टाकू नये. राखण करणारा नर बाजूला झाला की छोटे मासे अंडी फस्त करतात. काही पाण्यांवर या काळात बंदीही असते, परवाना काढताना तारखा वाचा.

उरलेलं पटकन: पोलराइज्ड चष्मा (पाण्यात पाहायला, आणि डोळा वाचवायलाही), टोपी, लांब चोचीची पक्कड, रबरी जाळी. होडीत पायाशी लाइन अडकेल असं जे जे काही आहे त्यावर ओला टॉवेल टाकायचा. मोठा बास जबड्याने आडवा लोंबकळवू नये, दुसरा हात पोटाखाली द्यावा. आणि डबीतला एक कप्पा रिकामा सोडा, वापरलेल्या ओल्या फ्लायसाठी. त्या कोरड्यांत मिसळल्या तर सगळेच गळ गंजतात.