खोल समुद्रातले पक्षी बघायला बोटीने निघताना

सगळ्यात आधी बोट लागण्याचा बंदोबस्त करा. गोळी कोणती ते डॉक्टरांना विचारा आणि निघण्याआधीच घ्या. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही. उपाशी जाऊ नका आणि तेलकट खाऊनही जाऊ नका. बोटीच्या मधल्या भागात हेलकावे सगळ्यात कमी बसतात. तिथे मोकळ्या हवेत उभं राहून नजर क्षितिजावर ठेवा.

दुर्बीण आठ पटीची न्या. दहा पटीची डोलत्या डेकवर इतकी हलते की पक्षी हातचा जातो. मिठाचे थेंब कोरड्या फडक्याने पुसलेत तर काचेवर ओरखडे येतात, म्हणून गोड्या पाण्याची छोटी बाटली जवळ असू द्या.

किनाऱ्याजवळ कुरव आणि सुरय भेटतील. पण आपण निघालोय खंडमंचाच्या, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळाच्या, कडेकडे. साधारण 200 मीटर खोलीनंतर तळ उतरत जातो आणि अनेक ठिकाणी खालचं थंड, पोषक पाणी वर येतं. त्यावर प्लवक वाढतात, त्यामागे मासे आणि माशांमागे पक्षी.

पहिल्या सफरीत मला शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा असलेला एक छोटा काळा पक्षी दिसला. मी लगेच पुस्तक उघडलं. मान वर केली तेव्हा समुद्र रिकामा होता. अजून हळहळ वाटते. तेव्हापासून माझा नियम एकच: आधी साध्या डोळ्यांनी उडणं बघायचं, दिसेल ते फोनमध्ये बोलून ठेवायचं आणि पुस्तक संध्याकाळी काढायचं. शिअरवॉटर पंख ताठ धरून असा कलतो की एक टोक लाटेला टेकेल असं वाटतं. विल्सनचा स्टॉर्म पेट्रेल पाय सोडून पाण्यावर चालल्यासारखा थिरकतो. स्कुआ सुरयांच्या मागे लागतो आणि तोंडातला मासा टाकायला लावतो. या चाली एकदा डोळ्यांत बसल्या की लांबचा ठिपकाही ओळखू येतो. इतरांना दाखवताना ‘तो बघ, तिकडे’ म्हणू नका. बोटीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, घड्याळातले बारा धरून ‘तीन वाजता, क्षितिजाच्या जरा खाली’ असं सांगा.

पक्षी जवळ आणायला काही ठिकाणी माशाच्या यकृताचं तेल पाण्यावर सोडतात. पेट्रेल आणि शिअरवॉटर यांचं नाक तिखट असतं, ते वासाचा माग काढत वाऱ्याच्या उलट दिशेने येतात. म्हणून वारा जिकडे वाहतोय त्या बाजूला नजर लावून बसा. मात्र पाण्यावर विसावलेल्या थव्यातून बोट नेऊ देऊ नका. त्यांना तेवढीच विश्रांती मिळालेली असते.

परतताना अंधार झाला तर डेकवरचे नको ते दिवे मालवायला सांगा. उजेडाने भांबावून पेट्रेल बोटीवर आदळतात. एखादा पडलाच तर त्याला पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवा आणि सावरला की उजेडापासून दूर, हळूच कडेवरून सोडा. मी एकदा असा एक ओंजळीत धरला होता. तो गेल्यावरही त्याचा तेलकट, उग्र वास बराच वेळ हाताला होता.