खंड्याची छाती काळी का पडली

कोरीवकाम शिकायला लागून दोन वर्षं झाली होती. पटाशीला धार लावता येत होती, लाकडाची उलटी-सुलटी रेघ, म्हणजे तंतूंची दिशा, ओळखता येत होती, आणि शिवणीच्या लाकडाच्या ठोकळ्यातून वीतभर लांबीचा खंड्या मनासारखा उतरला होता. तीन आठवड्यांचं काम. आता रंग हवा होता तो एवढाच, की खालच्या रेघा दिसत राहाव्यात. पाण्यात विरघळवलेला तपकिरी रंग ब्रशने सगळीकडे सारखा फिरवला. पंखांवर चहासारखी छटा आली. छाती मात्र करपलेल्या पोळीसारखी काळपट. पुसली, धुतली, पॉलिश पेपरने घासली. घासून घासून छातीची गोलाई गेली, डाग तिथंच.

त्या रात्री मी रंगाच्या पुडीला शिव्या घातल्या. दुसऱ्या दिवशी खंड्या घेऊन पॉलिशवाल्या काकांकडे गेले. त्यांनी शिवणीचा एक कोरा तुकडा उचलला, अंगठा थुंकीने ओला केला आणि आधी तुकड्याच्या बाजूला, मग कापलेल्या टोकाला टेकवला. टोक क्षणात गडद झालं. "बघितलंस?" एवढंच म्हणाले आणि आपल्या कामाला लागले. मला रागच आला. दोन वर्षं त्यांच्याकडे जात होते, हे आधी सांगायला काय झालं होतं? आजही माझं हेच मत आहे की "करता करता कळेल" म्हणणारे गुरू निम्म्या वेळा आपला आळस झाकत असतात.

आता मी हे नको इतकं समजावून सांगणार आहे, कंटाळा आला तरी वाचा. लाकूड म्हणजे उसाची मोळी समजा. बाजूने पाणी ओतलं तर बरंचसं ओघळून जातं. कापलेल्या टोकांवर ओतलं तर आत शिरतं. सपाट फळीला अशी टोकं फक्त दोन कडांना असतात, म्हणून फर्निचरवाल्यांचा सल्ला आपल्याला अर्धाच लागू पडतो. कोरीवकामात प्रत्येक गोलाईवर पटाशी लाकडातल्या या उसासारख्या बारीक नळ्या तिरक्या कापत जाते आणि त्यांची तोंडं उघडी पडतात. माझ्या खंड्यात रेघा चोचीपासून शेपटीकडे जात होत्या. ते बरोबरच होतं, नाहीतर चोच मोडली असती. पण मग छातीचा पुढचा भाग आणि मानेची मागची बाजू म्हणजे नुसती तोंडंच. म्हणजे माझी चूक रंग लावताना झालीच नव्हती. ठोकळ्यावर पेन्सिलीने पक्षी काढला, तेव्हाच छाती जास्त पिणार हे ठरलं होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता. त्यामुळे रंगाचा विचार पटाशी हातात घेण्याआधी करा. कुठली बाजू तहानलेली असेल ते ठोकळ्यावरच खुणा करून ठेवा.

उपाय तसा सोपा आहे. 100 मिलिलिटर स्पिरिटमध्ये 6 ग्रॅम चपडा लाख (पॉलिशसाठी मिळणारे लाखेचे पातळ पापुद्रे) रात्रभर विरघळू द्यायची, खाली बसलेलं मेण न ढवळता वरचं निवळ घ्यायचं. त्याचा एक हात सगळीकडे, तोंडं उघडी असतील तिथे आणखी एक. वाळल्यावर 320 नंबरचा पॉलिश पेपर अगदी हलका (नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक). शिवाय लाख लावण्याआधी घासताना बाजू 220 वर थांबवल्या तरी छातीसारखे भाग 400 पर्यंत न्यायचे. गुळगुळीत झालेली तोंडं कमी पितात. पुढच्या पक्ष्याला मी घाबरून लाख दाट लावली, तर रंग आत शिरेचना, थेंब थेंब होऊन वर उभा राहिला. आणि अशा लाखेवर स्पिरिटमधला रंग कधीही लावू नका. स्पिरिट खालची लाख पुन्हा सोडवतं आणि सगळा चिखल होतो. पाण्यातलाच रंग घ्या.

लाख आणि रंग लावण्याआधी सगळ्या कामावरून ओलसर फडकं फिरवा. कुठे भराभर गडद होतंय ते दिसेल, आणि भेग भरताना सांडलेला गोंदही फिकट ठिपक्यांसारखा दिसेल. गोंदावर रंग बसत नाही, तो आताच खरवडून काढा. ओल्या फडक्याने उभे राहिलेले तंतू वाळल्यावर त्याच 320 ने बसवता येतात.

आता थोडा धीर. रंग पातळ असेल तर बिघडायला फारसं काही उरत नाही. मी चमचाभर ॲक्रिलिकला दहा चमचे पाणी घेते, एक हात देते, लगेच फडक्याने पुसते आणि वाळू देते. वाळल्यावर तो फिका, मातकट, मेल्यासारखा दिसतो. तिथे घाबरून अजून दोन हात मारू नका! वरून पॉलिश चढलं की ओला असताना दिसला होता तसाच तो परत उठतो. खात्री हवी तर त्याच ठोकळ्याच्या उरलेल्या तुकड्यावर पॉलिशपर्यंत सगळं करून बघा. तुकड्याला बाजू आणि टोक दोन्ही हवीत, नाहीतर तो तुम्हाला फसवणार.

रंग आणि पॉलिश एकाच डब्यात मिळतं त्याच्या वाटेला जाऊ नका. तो रंग लाकडात जात नाही, वर साय धरतो. खाचांत साचतो, उंचवट्यावर उडतो, रेघा धुरकटतात. हळदीचाही मोह मला झाला होता. पिवळा सुंदर येतो, पण खिडकीत ठेवलेला तुकडा काही आठवड्यांत फिका पडला. गेरू टिकतो, कारण तो लोहाची माती आहे, उन्हाने उडत नाही. मात्र गाळून, अगदी पातळ वापरा, नाहीतर तोही रेघा झाकतो.

पांगाऱ्याच्या लाकडावर हे सगळं करायला जाऊ नका. सावंतवाडीची खेळणी पांगाऱ्याची आणि भरघोस रंगाची असतात, आणि ते योग्यच आहे. ते लाकूड हलकं, टीपकागदासारखं पिणारं, आणि त्यात दाखवण्यासारख्या रेघाही फारशा नाहीत. शिवण, साग यांवर शिका. सागाच्या उघड्या छिद्रांत गेरू बसला की रेघा उलट जास्तच उठून दिसतात.

आणि कोकणातल्या जुलैमध्ये लाखेचं पॉलिश करू नका. दमट हवेत ते पांढुरकं पडतं. गिऱ्हाईक घाई करेल, करू द्या. मी पावसात फक्त कोरते. जवसाचं तेल वापरत असाल तर तेलाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. एकेक पसरून दोरीवर वाळत घाला, मगच घरी जा.