पाकीट उलटं करून बघा

सुपरमार्केटचा स्वतःचा ब्रँड स्वस्त पडतो, कारण त्यावर जाहिरातीचा फारसा खर्च नसतो. मीठ, साखर, बेकिंग सोडा यांत तो बिनधास्त घ्या. नावापलीकडे फरक असा काही नसतोच. तयार पदार्थांत मात्र पाकीट उलटून घटक वाचा. ही यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. टोमॅटो सॉसवर टोमॅटोच्या आधी पाणी आणि साखर दिसली, की स्वस्ताई कुठून आली ते कळतं. भाव १०० ग्रॅममागे काढून ताडा. मोठं पाकीट दरवेळी परवडतंच असं नाही. आणि हो, जरा वाकून खालचा कप्पाही बघा. डोळ्यांसमोर बहुधा महागाचा मालच मांडलेला असतो.