नवे लिव्हर बसवताय? या चुका टाळा

बाइकला नवा ब्रेक लिव्हर बसवून निघालो तेव्हा पहिले आठ-दहा किलोमीटर मजेत गेले. मग गाडी जड वाटायला लागली. आधी वाटलं समोरून वारा आहे, मग वाटलं टायरमध्ये हवा कमी असेल. रेस सोडली की गाडी सहज पुढे जाते तशी जाईना. लिव्हर दाबून पाहिला तर बोटाखाली दगड असावा इतका टणक. बाजूला घेतली, पुढच्या डिस्कवर बाटलीतलं पाणी शिंपडलं तर थेंब तडतडून उडाले. अर्धा तास सावलीत उभी ठेवल्यावर ब्रेक आपोआप सुटला. निघालो, आणि थोड्याच वेळात पुन्हा तेच.

लिव्हर दिसायला सुरेख होता. सहा टप्प्यांचा अ‍ॅडजस्टर, मशीनवर कापलेलं अ‍ॅल्युमिनियम, काळा मॅट रंग. दोष होता बुडाशी, मास्टर सिलिंडरच्या (लिव्हरजवळच्या, ब्रेक ऑइल ढकलणाऱ्या पंपाच्या) पिस्टनला ढकलणाऱ्या उंचवट्यात. तो असायला हवा त्यापेक्षा जेमतेम एक मिलिमीटर जाड होता. तेव्हापासून कुणी नव्या लिव्हरचा फोटो दाखवला की मी म्हणतो, बोटं टेकतात तो भाग राहू दे, बोल्टाजवळचा दाखव. तो फोटो सहसा कुणाकडेच नसतो.

बुडाकडे न बघता घेणं

एका मिलिमीटरने एवढं काय होतं? लिव्हर पूर्ण सोडला की पिस्टन मागे येऊन बसतो आणि ब्रेक ऑइलच्या डबीतून नळीकडे जाणारं एक बारीक भोक उघडं पडतं. चालवताना कॅलिपर, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणारा भाग, तापतो, ऑइल तापून फुगतं आणि वाढलेलं ऑइल या भोकातून डबीत परत जातं. लिव्हरचा उंचवटा जाड असेल तर पिस्टन थोडासा पुढे ढकललेलाच राहतो आणि भोक झाकलेलं राहतं. फुगलेल्या ऑइलला परतीची वाट उरत नाही, मग ते पॅड डिस्कवर दाबतं. पॅड घासले की उष्णता वाढते, उष्णतेने ऑइल आणखी फुगतं. असं करत शेवटी पुढचं चाक धरलं जातं. थंड गाडी दारात उभी असताना यातलं काहीही जाणवत नाही, म्हणूनच ही चूक सगळ्यांत वाईट.

तपासणी सोपी आहे. आजूबाजूला जुनं फडकं टाका, कारण ब्रेक ऑइल रंग खातं, आणि तोंड डबीवर आणू नका. झाकण उघडून लिव्हर अगदी हलका दाबा. भोक उघडं असेल तर दाबताक्षणी डबीतल्या ऑइलवर छोटी उसळी किंवा तरंग दिसतो. पुन्हा पुन्हा दाबूनही पृष्ठभाग हललाच नाही, तर संशय धरा. दुसरी खूण बोटाला कळते. लिव्हर हलू लागतो आणि पिस्टन ढकलला जातो, या दोन्हींच्या मध्ये किंचित मोकळी जागा लागायला हवी. बोट टेकवल्या क्षणी पिस्टन ढकलल्यासारखं वाटत असेल तर गाडी रस्त्यावर काढू नका.

इथे हमखास कुणीतरी कानस काढतं. माझं मत विचाराल तर लिव्हर परत करा. घासलेला उंचवटा खडबडीत राहतो आणि पिस्टनचं तोंड खातो. आणि जास्त घासलात तर लिव्हरची काही चाल फुकट जाते. काही लिव्हरना या जागी चेकनट (स्क्रू जागी धरून ठेवणारा नट) असलेला बारीक स्क्रू असतो, तिथे गोष्ट वेगळी, ती सोय याच कामासाठी असते. मात्र लिव्हर मुठीच्या जवळ आणायला म्हणून तो स्क्रू फिरवणारे मी पाहिलेत. त्यांच्या डिस्कही पाहिल्यात.

"तुमच्या मॉडेलला बसतो" यावर विसंबणं

बसणं आणि जुळणं यांत फरक आहे. एकाच बाइकच्या एबीएस आणि बिगर-एबीएस आवृत्त्यांचे मास्टर सिलिंडर वेगळे असू शकतात, मॉडेलचं वर्ष बदललं की पुरवठादार बदलू शकतो, आणि गाडी सेकंडहँड असेल तर आधीच्या मालकाने काय बदललं देव जाणे. मास्टर सिलिंडरवर निस्सीन, ब्रेंबो वगैरे ब्रेक कंपनीचं नाव आणि अनेकदा मापही ओतलेलं असतं. ते वाचून घ्या, मग लिव्हर कशाला बसतो याची विक्रेत्याची यादी बघा.

मापांचं महत्त्व किती, हे ब्रेंबोच्याच एका वस्तूवरून कळतं. त्यांच्या 19 आरसीएस मास्टर सिलिंडरमध्ये लिव्हरचा बोल्ट आणि पिस्टनला ढकलायची जागा यांतलं अंतर 18 किंवा 20 मिमी ठेवता येतं. फक्त 2 मिमीचा फरक, पण तो मुद्दाम दिलेली सोय म्हणून विकला जातो. बोटं बोल्टापासून 120 मिमीवर धरली तर 20 वर जोर 6 पट होतो आणि 18 वर साधारण 6.7 पट. हौसेने असा फरक निवडणं वेगळं आणि ढिसाळ बनावटीमुळे तो नकळत गळ्यात पडणं वेगळं.

म्हणून जुना लिव्हर सोबत ठेवून तुलना करा. दोघांच्या भोकांतून एकच बोल्ट घाला, एकावर एक ठेवा आणि बुडाकडचा आकार नजरेने व व्हर्निअरने तपासा. भोकाचा व्यास, बुडाची जाडी, उंचवट्यापर्यंतचं अंतर, स्विचला टेकणारी चोच. पाच मिनिटांचं काम आहे. दुकानात हे करू देत नसतील तर दुसरं दुकान बघा.

त्या चोचीकडे खास लक्ष द्या. तिचं माप चुकलं तर ब्रेक लाइट कायम पेटलेला राहतो किंवा लिव्हर बराच दाबल्यावर लागतो. चालवणाऱ्याला स्वतःचा मागचा दिवा दिसत नाही, त्यामुळे हे आठवडेच्या आठवडे कळत नाही. क्लचकडे तीच गोष्ट. गिअरमध्ये स्टार्टर फिरेना, क्रूझ कंट्रोल लागेना किंवा क्विकशिफ्टर (क्लच न दाबता गिअर बदलू देणारी सोय) अचानक गप्प झाला, तर इलेक्ट्रिशियनकडे जाण्याआधी लिव्हरची चोच बघा.

क्लचला कमी लेखणं

क्लच बिघडला तर जिवावर बेतत नाही, असं लोक धरून चालतात. पण प्लेट जळतात.

केबलच्या क्लचमध्ये केबलच्या टोकाची निपल लिव्हरमध्ये जिथे अडकते ती जागा बोल्टापासून किती दूर आहे, यावर केबल किती ओढली जाणार हे ठरतं. मूळ लिव्हरमध्ये हे अंतर 30 मिमी आणि नव्यात 28 असेल तर क्लच बोटाला हलका लागतो. "वा, मऊ झाला!" म्हणून आपण खूश होतो. पण केबल सुमारे 7 टक्के कमी ओढली जाते. मग क्लच पूर्ण सुटत नाही, सिग्नलला न्यूट्रल सापडत नाही, पहिला गिअर टाकताना खट्‌कन आवाज येतो आणि गाडी पुढे सरकू बघते. गिअरबॉक्सला शिव्या घालण्याआधी लिव्हर मोजा.

उलट टोकाला, प्ले (क्लच सुटू लागण्याआधीची लिव्हरची मोकळी चाल) अजिबात न ठेवता केबल ताणून बसवली की क्लच सतत किंचित सुटलेला राहतो. चढावर इंजिनचा आवाज वाढतो आणि वेग वाढत नाही, ही त्याची खूण. केबल क्लचच्या पुष्कळ बाइकच्या मॅन्युअलमध्ये लिव्हरच्या टोकाशी 10 ते 20 मिमी प्ले सांगितलेला असतो. तुमच्या मॅन्युअलमधला आकडा तो खरा. यात एक मेख आहे, ती माझ्याही उशिरा लक्षात आली. हा आकडा मूळ लांबीच्या लिव्हरसाठी असतो. 170 मिमी लांब लिव्हरच्या टोकाशी 15 मिमी असलेला प्ले 130 मिमीच्या आखूड लिव्हरवर साडेअकरा मिमीच दिसेल. तिथेही 15 मोजून ठेवलात तर प्ले प्रत्यक्षात जास्त झाला, आणि पुन्हा न्यूट्रल शोधत बसाल.

जुन्या लिव्हरच्या भोकात पितळी बुश, म्हणजे बोल्टाभोवतीची छोटी नळी, असेल तर तो नव्यासोबत आला आहे का हे बघा. नसेल तर जुना काढून वापरा, माप जुळत असेल तरच. बुश विसरला की लिव्हर वर-खाली लडबडतो, आणि लोक तो लडबडणं थांबवायला बोल्ट आवळतात. त्याबद्दल पुढे.

आखूड लिव्हरचा मोह

दोन बोटांचे आखूड लिव्हर छान दिसतात, हे मान्य. पण 130 मिमीवर बोटं ठेवून जेवढा जोर लागत होता त्यापेक्षा 100 मिमीवर 30 टक्के जास्त लागतो. ताकदवान डिस्क ब्रेक असलेल्या गाडीला हे चालून जातं. जड केबल क्लचवर, गर्दीत तासभर चालवल्यावर, मनगट बोलायला लागतं. शिवाय उरलेली दोन बोटं मुठीवरच राहतात आणि लिव्हर आत आला की त्यांच्यावर आपटतो. क्लच पूर्ण सुटायच्या आत लिव्हर बोटांवर थांबत असेल तर तो लिव्हर तुमच्या हातासाठी नाही, रंग कितीही जुळत असो.

अ‍ॅडजस्टरचंही असंच. तो फक्त लिव्हर मुठीपासून किती दूर हे ठरवतो, प्लेशी त्याचा संबंध नाही. सगळ्यांत जवळच्या टप्प्यावर ठेवून पूर्ण ताकदीने दाबून बघा. लिव्हर मुठीला टेकत असेल तर तो टप्पा तुमच्यासाठी बंद. दोन टप्प्यांच्या मध्ये अडकलेला अ‍ॅडजस्टर धक्क्याने स्वतःच सरकतो, म्हणून खट्‌ आवाज येईपर्यंत फिरवा.

धातू आणि टोक

"सीएनसी" हा शब्द मोठ्या अक्षरांत छापलेला असतो. त्याचा अर्थ एवढाच की तुकडा संगणकावर चालणाऱ्या यंत्राने कापला. धातू कोणता, हे त्यातून कळत नाही. 6061-टी6 किंवा 7075-टी6 असा अ‍ॅल्युमिनियमचा प्रकार स्पष्ट लिहिलेला असेल तर निदान विचारायला जागा राहते. ओतीव लिव्हर पडल्यावर वाकण्याऐवजी तुटण्याची शक्यता जास्त. म्हणूनच टोकाजवळ मुद्दाम पाडलेली खाच असलेला लिव्हर मला आवडतो. पडल्यावर टोक तिथून तुटतं आणि उरलेल्या भागावर घरी येता येतं.

टोकाचा गोळा शोभेचा नाही. पडताना लिव्हरचं टोक कुणाच्या अंगात घुसू नये म्हणून तो असतो. रोड रेसिंगच्या एफआयएम (आंतरराष्ट्रीय मोटरसायकल महासंघ) नियमांत त्याचा व्यास किमान 16 मिमी सांगितला आहे. टोकदार, "आक्रमक" डिझाइनचे लिव्हर बघून म्हणूनच माझी भुवई वर जाते.

बसवतानाची घाई

बोल्ट आवळून नटही त्याच जोराने आवळणं ही नेहमीची चूक. होंडाच्या कित्येक मॅन्युअलमध्ये ब्रेक लिव्हरच्या बोल्टाला 1 आणि नटाला 6 न्यूटन-मीटर इतकाच टॉर्क आहे. बोल्ट नुसता टेकवायचा, तो धरून ठेवून नट लावायचा. लिव्हर दाबून सोडा. तो झटकन पूर्ण मागे यायला हवा. रेंगाळत असेल तर बोल्ट जास्त आवळलाय किंवा बुड जाड आहे, आणि रेंगाळणारा ब्रेक लिव्हर वर सांगितलेलं भोक झाकून ठेवतो.

बोल्टाला साधं ग्रीस चालतं. पिस्टनला टेकणाऱ्या जागी मात्र सिलिकॉन ग्रीसच लावा, पेट्रोलियमचं ग्रीस आतले रबरी सील फुगवतं.

शेवटी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून लिव्हर टाकीला, आरशाला, हँडगार्डला लागत नाही ना ते पाहा. पुढचं चाक उचलून हाताने फिरवा. मग जवळच दहा-पंधरा मिनिटं चालवून या आणि चाक पुन्हा फिरवा. गरम झाल्यावरही तेवढंच मोकळं फिरलं पाहिजे. ही दुसरी फिरकी मी त्या दिवशी केली नव्हती.

जुना लिव्हर विकू नका. माझा, टोकाला खरचटलेला, बोल्ट आणि बुशसकट फडक्यात गुंडाळून सीटखाली पडून असतो. सोबत एक 10 नंबरचा पाना.